पुलाच्या चुन्याचं मला विचारू नकोस

ब्लॅकटाउन, सिडनी
९ मे १९७६

आठ महिन्यांनी आजी आठवली, ती कशाला, तर चुन्याला! दिवाळीला पत्र नाही, माझा डोळा कापला तेव्हा पत्र नाही. आता बापाला लिहिलेल्या पत्राच्या पाठीवर दीड ओळ, की "आजीला विचारा, जुन्या दगडी कामात चुना कसा घालायचे." मी काय इथे गवंड्यांची शाळा काढून बसले आहे?

चि. संजीवला आशीर्वाद. चित्रालाही. तिने तरी कधी चार अक्षरं लिहावीत, तिला मराठी येतं असं ऐकून आहे.

तुझं पत्र विश्रामने जेवताना मोठ्याने वाचलं. वाचून होताच म्हणाला, "आई, तू लहानपणी आजोबांच्या घाणीवर बैल हाकायचीस ना? सांग की त्याला." म्हटलं, "बारा वर्षांची होते. विसरले." तर तुझी बहीण मेधा विचारते, "आजी, व्हॉट्स घाणी?" बापाने तिला ताटातल्या वरणात बोट फिरवून दाखवलं. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल, आणि चरात चुना-वाळू दळायची. डॉक्टर झालेला माणूस आणि बोट वरणात. तुझी आई सुहासिनी त्याला काही बोलली नाही. ती मला बोलायचं असलं की मात्र बोलते.

तर ऐक. माझा बाप चुन्यातला माणूस होता, मी नव्हते. मला यातलं काही ठाऊक नाही. इथलं बरं चाललं आहे. अंगणात छत्रीसारखी गोल फिरणारी कपड्याची दांडी आहे, तिच्यावर एक काळा-पांढरा पक्षी बसून मला शिव्या देतो. बाकी बोलायला कोणी नाही.

तुझी आजी

—

एल्डरफोर्ड, इंग्लंड
२३ मे १९७६

ती. आजी,
संजीवचा साष्टांग नमस्कार. जोडे मारलेस ते बरोबरच मारलेस. डोळ्याचं मला बाबांनी नंतर कळवलं. चुकलो.

आता हे सगळं पत्र तुलाच आहे, पाठीवर कोणाला काही नाही. इथे एल्डरफोर्ड नावाचं खेडं आहे, त्याच्या वेशीवर नदी, आणि नदीवर दगडी पूल. तीन कमानी. दोनशे वर्षांपूर्वी घोडागाड्यांसाठी बांधलेला, आता त्याच्यावरून दुधाचे टँकर जातात. इतका अरुंद की गाडी आली की पायी चालणाऱ्याने कठड्यातल्या तिकोनी कोनाड्यात शिरून उभं राहायचं. मी रोज तिथे उभा राहतो. खाली गाई पाण्यात, वर मी कोनाड्यात, आणि टँकर गेला की पायाखालचा दगड थरथरतो ते तळव्याला कळतं. आजी, तुला हा पूल आवडला असता.

दगडांमधल्या दरजा ठिकठिकाणी मोकळ्या झाल्या आहेत. त्या पुन्हा भरायच्या. काम माझ्या नावावर आहे, नोकरीतलं पहिलंच. ऑफिसात सगळे म्हणतात सिमेंट भर, पटकन होतं, घट्ट होतं. पण कामावरचा गवंडी आहे डॉबसन, सत्तरीला आलेला. मला 'यंग मॅन' म्हणतो. तो म्हणतो, चुन्याच्या बांधकामाला चुनाच लागतो, सिमेंट घातलंस तर पाणी आत कोंडेल आणि थंडीत दगड फुटेल. का ते त्याला नीट सांगता येत नाही. माझ्या पुस्तकांत ते नाही. साहेब हसतो, म्हणतो म्हाताऱ्याला मजुरीचे दिवस वाढवायचे आहेत.

तू एकदा लिही की डॉबसनचं खरं आहे. 'माझे पणजोबा पूल बांधायचे, आमच्या घरात हे पिढीजात ठाऊक आहे' एवढं म्हणायला मला आधार झाला तर मी साहेबाशी भांडेन. एरवी माझी छाती होत नाही. काम जुलैच्या मध्याला सुरू होईल. त्याआधी तुझं पत्र हवं.

तुझा
संजीव

—

ब्लॅकटाउन
६ जून १९७६

चि. संजीवला आशीर्वाद.

एकदा सांगितलेलं कळत नाही का? चुन्याचं मला विचारू नकोस. तुझ्या बापाने तुला एवढं शिकवलं ते बारा वर्षांच्या पोरीला विचारायला नाही. तुझा साहेब म्हणतो ना सिमेंट, मग सिमेंट घाल. नवं आहे तर चांगलंच असणार. म्हातारी माणसं काहीही बडबडतात, मीही बडबडते, कोण ऐकतं?

इथे आता थंडी. घर विटांचं आणि आतून बर्फ. सुहासिनी हीटर लावू देत नाही.

तुझी आजी

—

एल्डरफोर्ड
४ मार्च १९७९

ती. आजी,
सा. न. तीन वर्षांत नुसती कार्डंच टाकली, याचा राग धरू नकोस.

चित्राला दिवस गेले आहेत, ऑगस्टमध्ये बाळ येईल. घरही घेतलं आहे, छोटंसं, हप्त्यांवर. बाबांना वेगळं लिहिलंच आहे. हे पत्र तुला एकटीला, कारण पुढची बातमी बाबांना इतक्यात नको.

तो पूल तुला आठवत असेल. या वर्षी इकडे थंडी फार कडक पडली. फेब्रुवारीत एका सकाळी मधल्या कमानीवरची भिंत पोट आल्यासारखी फुगली आणि वरचा कठडा नदीत गेला. टपाल वाटणारी बाई तेव्हाच सायकलवरून चालली होती, तीही गेली. जीव वाचला, खुब्याचं हाड मोडलं. पूल बंद आहे. जुलैमध्ये चौकशी बसणार आहे.

तू काळजी करू नकोस. माझ्यावर काही येत नाही. दोष गवंड्याचा निघाला. डॉबसन म्हणून म्हातारा होता, त्याने दरजा भरताना आपल्या मनाने जाड सिमेंट भरलं, त्यामुळे पाणी कोंडलं. कागदावर तर फक्त 'दरजा भरून घेणे' एवढंच आहे. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, दुसरं काय.

देवाला माझ्या नावाने दिवा लाव.

संजीव

—

ब्लॅकटाउन
१८ मार्च १९७९

दिवा लावला नाही. आधी तुझ्याशी बोलायचं आहे, मग देवाशी.

मी चार यत्ता शिकलेली बाई आहे, पण माझ्या पेटीत तुझं प्रत्येक पत्र आहे. ते तीन वर्षांपूर्वीचं काढलं. डोळ्याला दिसेना म्हणून मेधाला जवळ बसवून वाचायला लावलं. पोरगी अक्षर अक्षर लावत वाचते, त्यामुळे एकही शब्द सुटत नाही. त्यात तूच लिहिलं आहेस, डॉबसन म्हणतो चुनाच लागतो, सिमेंट घातलंस तर थंडीत दगड फुटेल. आणि आता तोच डॉबसन आपल्या मनाने सिमेंट भरतो? रात्रीतून त्याला कोणी नवं डोकं बसवलं?

मेधा पत्र खाली ठेवून म्हणाली, "आजी, ही'ज लाइंग." मी म्हटलं, गप्प बस, थोरल्या भावाला असं म्हणू नये. पण तिचं बरोबर होतं. खोटं माझ्या ओळखीचं आहे रे, लांबून वास येतो.

मला एवढंच सांग. सिमेंट भर असं त्याला कोण म्हणालं? एका शब्दाचं उत्तर आहे, दोन पानं नकोत.

चित्राला जपायला सांग. तिचा यात काही दोष नाही.

आजी

—

एल्डरफोर्ड
१५ एप्रिल १९७९

आजी,

मी.

तू एक शब्द मागितलास, तो दिला. पण त्याच्यावर थांबता येत नाही.

पुलावर उभं राहून सांगितलं मी त्याला. तोंडी. तो म्हणाला, "यंग मॅन, तुझ्या नातवंडांना तुझी लाज वाटेल." मी म्हटलं, पगार घेतोस ना, मग सांगतो तसं कर. सत्तर वर्षांच्या माणसाला असं म्हटलं मी. त्याने टोपी नीट केली आणि सिमेंट कालवायला घेतलं. त्याच्या बापाने, आज्याने याच पुलाची डागडुजी केली होती. हे मला नंतर कळलं.

आता गावात लोक त्याच्याशी बोलत नाहीत. ती टपालवाली त्याच्या भाचीची जाऊ आहे. दुकानात तो शिरला की बायका बाहेर पडतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं, गाडीत बसून. उतरलो नाही.

तो स्वतः मात्र काही म्हणत नाही. साहेबाने विचारलं तेव्हाही गप्प बसला. मला वाटतं त्याला फार लागलेलं नसावं. पेन्शन चालू आहे, काम तर सोडलेलंच होतं, त्याचं जाण्यासारखं काय आहे? माझं सगळंच जाईल. ऑफिसात माझ्या रंगाचा मी एकटा. पहिल्या चुकीला हे मला बाहेर काढतील, आणि वर्तमानपत्रात माझ्या नावाआधी 'इंडियन' येईल. चित्रा सहाव्या महिन्यात. घराचे हप्ते. तूच सांग, कोणत्या तोंडाने बोलू?

आणि आता लिहितोच. मी तुला विचारलं होतं. दोनदा. तुझ्या एका ओळीसाठी टपालाच्या पेटीपाशी उभा राहायचो. तुझं पत्र आलं तेव्हा वाचता वाचता हायसं वाटलं मला, भांडण टळलं म्हणून. 'सिमेंट घाल' हे तुझेच शब्द आहेत, आजी. माझ्याही पेटीत तुझी पत्रं आहेत.

चौकशी १९ जुलैला आहे.

संजीव

—

ब्लॅकटाउन
१७ जून १९७९

हे पत्र लिहायला मला दीड महिना लागला. उशीर झाला म्हणून ओरडू नकोस, ओरडायचं पुढे पुष्कळ आहे.

संजू, सिमेंट घाल हे मी लिहिलं. खरं आहे. आणि चुन्याचं मला काही ठाऊक नाही, हे धडधडीत खोटं लिहिलं. मला सगळं ठाऊक होतं. डॉबसन म्हणतो तेच माझा बाप म्हणायचा. चुना पाणी पितो आणि परत सोडतो. सिमेंट पाण्याला आत घेतं आणि दार लावून बसतं. हे मला बाराव्या वर्षी ठाऊक होतं, अडुसष्टाव्या वर्षीही ठाऊक होतं.

का नाही सांगितलं, ते ऐक. तुझ्या आजोबांना सांगितलं नाही, तुझ्या बापालाही नाही.

आमच्या घाटाखाली ओढ्यावर साहेबाचा पूल चालला होता. माझा बाप चुन्याचा मुकादम. घाणीवर बैल मी हाकायची. एका घाणीला दोनशे फेरे, तेव्हा चुना लोण्यासारखा होतो. दहा फेरे झाले की एक खडा या टोपलीतून त्या टोपलीत टाकायचा. वीस खडे झाले की घाणी उतरवायची. खडे टाकायचं काम माझं, माल उतरवायचं भिकोबाचं. भिकोबा म्हणजे बापाच्या हाताखालचा गडी, दोन पोरांचा बाप.

एक दिवस घाटातून मोटार येणार अशी बोंब झाली. पहिलीच मोटार. सगळं गाव पळालं. माझे सात खडे झाले होते. मी उरलेले तेरा एकदम ओतले आणि पळाले. परत आले तर भिकोबाने घाणी उतरवली होती. तो माझ्या पायांकडे बघत होता, रस्त्याच्या धुळीने भरलेले. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोटार बघायला गेले, आणि तिसऱ्या दिवशीही. मोटारवाला साहेब तीन दिवस डाकबंगल्यात होता.

चुन्यात कच्चे खडे राहिले की ते भिंतीत जाऊन मग फुलतात. पहिल्या पावसात पुलाची एक बाजू फुटली. कोणी मेलं नाही. साहेबाने बापाला उभं केलं, बापाने आम्हाला. सगळ्या माणसांदेखत बापाने मला विचारलं, "फेरे पुरे झाले होते का गं?" मी म्हणाले, "हो. मी मोजले." मग भिकोबाला विचारलं, "तू माल बघितला नाहीस?" भिकोबाने माझ्याकडे बघितलं. तो एक शब्द बोलला असता तर बापाने माझी चामडी लोळवली असती, एवढंच. चार दिवसांत विसरूनही गेले असते. पण पोर म्हणून तो गप्प बसला. म्हणाला, "चुकलं माझं."

त्याला हाकललं. मुकादमांनी एकमेकांना सांगितलं, त्याला चुन्यावर कोणी घेईना. तो बायको-पोरं घेऊन गेला. लग्न झाल्यावर एकदा बाजारात दिसला, झाडू विकत होता. म्हणाला, "बरी आहेस का, पोरी?" मी मान फिरवली, ओळख दिली नाही. कडेवर तुझा बाप होता.

मी पान खात नाही ना? तुझे आजोबा म्हणायचे, हिला शौक कसला तो नाही. मला चुन्याची डबी समोर नको वाटायची, एवढंच होतं. म्हणून तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा झटकलं. आणि माझ्या भिकोबाच्या जागी तुझा डॉबसन बसला. तो पूल एकट्या तुझ्या हातून पडलेला नाही, माझाही हात आहे त्यात. हे तुझ्या चौकशीवाल्यांना कळणार नाही, पण तुला कळलं पाहिजे.

दीड महिना मी काय करत होते ते सांगते. शेजारी माल्टाचा म्हातारा आहे, कोंबड्या पाळतो. खुराड्याला पांढरं करायला पिंपात चुना भिजवतो. मी कुंपणापाशी जाऊन खुणेने मागितला. तो म्हणाला, "नो वरीज, लव," आणि बादलीभर कळीचा चुना दिला. एकोणसाठ वर्षांनी हात लावला. पाणी ओतलं, उकळला, सुहासिनी किंचाळत बाहेर आली, "आई, डोळे! ऑपरेशन झालेला डोळा आहे!" मी म्हटलं, डोळा माझा आहे. मग तीच बिचारी पाणी आणत राहिली. विश्राम दवाखान्यातून आला तर आम्ही दोघी पांढऱ्या. महिनाभर भिजू दिला. मग पाटा घेतला आणि मेधाला खडे टाकायला बसवलं. ती मध्येच म्हणाली, "आजी, टीव्हीवर माझा शो आहे, आय'ल जस्ट पुट देम ऑल इन." तेव्हा मी तिच्या कानाखाली दिली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली, मग मीही तिथेच बसले. तिला सगळं सांगितलं. म्हणून हे तुला लिहायची छाती झाली. पोरीला सांगितलं आणि नातवाला लपवलं, असं कसं चालेल?

चुन्याचा हात परत आला. प्रमाण मी तुला लिहून पाठवू शकते. पाठवणार नाही. तुझ्या गावात ते ठाऊक असलेला माणूस आहे, घरी बसलेला.

तू लिहितोस, तो काही म्हणत नाही म्हणजे त्याला लागलेलं नसेल. अरे, भिकोबाही काही म्हणाला नव्हता. तुझी नोकरी जाईल? जाऊ दे. चित्राला वाईट दिवस येतील? येतील. तुझा बाप आहे इथे, दोन खोल्या रिकाम्या आहेत, बाळाला वाढवू. रंगाचं म्हणशील तर पेपरात नावाआधी काय यायचं ते येऊ दे. काळा माणूस खरं बोलला असंही एकदा छापू दे त्यांना. मी भित्री होते, संजू. मी चाळीस-पन्नास वर्षं सुखाने जेवले, झोपले, तीन पोरं वाढवली. कोणी मला काही केलं नाही. म्हणूनच सांगते. कोणी काही करत नाही, आणि ते संपतच नाही.

१९ तारखेची वाट बघू नकोस. चौकशी साहेब लोकांची आहे. आधी त्या म्हाताऱ्याच्या दारात जा. गाडी घराशी सोड आणि गावातून चालत जा, सगळ्यांना दिसू दे कुठे चालला आहेस ते. गेल्यावर चित्राचं, बाळाचं, हप्त्यांचं काही बोलू नकोस, तो लगेच क्षमा करेल. तशी क्षमा घेऊन येऊ नकोस. मी सांगितलं सिमेंट भर, एवढं म्हण आणि उभा राहा. तो काय करायचं ते करेल.

आता शेवटचं. या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस. तुझ्या बापाने फोन केला तरी त्याच्याकडे निरोप द्यायचा नाही. चित्रानेही लिहायचं नाही. तुझ्या हातची अक्षरं आली तर मी पाकीट न फोडता परत पाठवीन. डॉबसनला माझा पत्ता दे. तू गेला होतास असं त्याला स्वतःच्या हाताने लिहू दे, दोन ओळी का असेनात, शिव्या दिल्या तरी चालतील. इंग्रजी मेधा वाचेल. उत्तर त्याने द्यायचं.

आजी